चित्र मिळाले, पण पत्ता लिहिला का? – कुटुंबाचा इतिहास आणि जुन्या कागदांचा संदर्भ



ग्वाल्हेरातील मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "आमचे मूळ पुरुष महादजी शिंद्यांबरोबर इकडे आले आणि लष्करात राहिले." आजोबांनी सांगितलेले असते, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेले असते. आता इतिहासाच्या पुस्तकात पाहू. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी केली ती १८१० साली, आणि त्या छावणीवरूनच आपल्या भागाला लष्कर हे नाव पडले. म्हणजे महादजींच्या हयातीत आपले हे लष्कर वसलेलेच नव्हते.

मग आजोबांचे सांगणे खोटे का? तसे मुळीच नाही. मूळ पुरुष महादजींबरोबर उत्तरेत आले असतील, काही वर्षे उज्जैनला राहिले असतील आणि त्यांचा मुलगा दौलतरावांबरोबर लष्करात आला असेल. किंवा कुटुंब नंतर केव्हातरी नोकरीसाठी आले असेल आणि सांगता सांगता मोठे नाव जोडले गेले असेल. यांतले खरे काय, ते कागदच सांगेल. आणि कागदाने सांगितले हे दुसऱ्याला पटायचे असेल, तर तो कागद कोणता, कोठला, कितवा, हे लिहून ठेवले पाहिजे. यालाच संदर्भ देणे म्हणतात. या सत्रात आठवी-नववीसाठी "माझ्या कुटुंबाचा इतिहास" हा प्रकल्प ठेवला आहे, म्हणून हा धडा.

आता कागद घरबसल्या दिसतात

पूर्वी असा कागद पाहायचा तर प्रवास करावा लागे, अर्ज करावा लागे, दोन-दोन दिवस बसावे लागे. आता पुष्कळ कागदांची चित्रे, म्हणजे स्कॅन, संगणकावर पाहता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे "अभिलेख पटल" हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झाले. नाव नोंदवून तेथे इंग्रजी अमदानीतील सरकारी फायली पाहता येतात. परराष्ट्र खात्याच्या फायलींत शिंदे, होळकर, गायकवाड या दरबारांशी झालेला पत्रव्यवहार आहे. "फॅमिलीसर्च" या अमेरिकेतील संस्थेच्या संकेतस्थळावर हरिद्वार व इतर तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या बह्यांची चित्रे आहेत. तीर्थाला गेलेला माणूस आपले नाव, गाव, बापाचे व आजाचे नाव, बरोबर कोण आले, हे आपल्या तीर्थोपाध्यायाच्या बहीत लिहीत असे. कित्येक घरांची वंशावळ जितकी घरात नाही तितकी तिथे आहे.

मुले हे सारे फार चटकन शोधतात. अडचण पुढे येते. चित्र डाउनलोड होते, छापून वहीत चिकटवले जाते आणि खाली लिहिले जाते, "इंटरनेटवरून साभार". या दोन शब्दांनी कोणीही परत त्या पानापर्यंत पोहोचू शकत नाही. इंटरनेट हा रस्ता आहे. कागद एखाद्या दप्तरात, एखाद्या रुमालात, एखाद्या बहीत आहे.

संदर्भाची कसोटी एकच ठेवा. तुम्ही लिहिलेली ओळ वाचून, तुम्हाला न विचारता, अनोळखी माणूस त्याच पानावर पोहोचला पाहिजे.

पत्त्याचे तीन भाग

स्कॅन केलेल्या कागदाचा पत्ता तीन भागांत लिहावा.

पहिला भाग मूळ कागदाचा. कागद कशाचा आहे (पत्र, सनद, हिशेब, जन्ममृत्यूची नोंद, बहीतील लेख), कोणी लिहिला, त्यावर तारीख काय आहे, आणि तो आज कोठे, कोणत्या क्रमांकाखाली ठेवलेला आहे. प्रत्येक ठिकाणची क्रमांक देण्याची पद्धत निराळी असते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवण्याची रीत आहे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. म्हणून तिथल्या कागदाला रुमाल क्रमांक असतो. दिल्लीच्या फायलीला खाते, शाखा, वर्ष आणि फाइल क्रमांक असतो. पंड्याच्या बहीला क्षेत्राचे नाव, उपाध्यायाचे नाव, गाव किंवा जात, आणि पान असते. जिथली जी पद्धत असेल तीच जशीच्या तशी उतरावी, आपली नवी काढू नये.

दुसरा भाग नकलेचा. आपण मूळ कागद हातात घेतलेला नाही, त्याचे चित्र पाहिले आहे. ते चित्र मायक्रोफिल्मवरून घेतलेले आहे की कागदावरून, फिल्मचा किंवा संचाचा क्रमांक काय, आणि कितवे चित्र, हे लिहावे. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चित्राचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक एक नसतो. स्कॅन करणारा माणूस मुखपृष्ठापासून सुरुवात करतो, कोरे पानही घेतो, एखादे पान दोनदा घेतो. म्हणून बहीच्या ३१ व्या पानाचे चित्र ३८ वे असू शकते. दोन्ही आकडे लिहा, आणि कोणता कशाचा तेही लिहा.

तिसरा भाग आपण पाहिल्याचा. कोणत्या संकेतस्थळावर पाहिले, तेथील ओळख क्रमांक कोणता, आणि कोणत्या दिवशी पाहिले. नुसता संकेतस्थळाचा पत्ता पुरत नाही. संकेतस्थळे बदलतात, बंद होतात, कालचा दुवा आज उघडत नाही. पहिला भाग नीट लिहिलेला असेल तर संकेतस्थळ बंद झाले तरी कागदाचा माग सुटत नाही.

नमुन्यासाठी एक ओळ देतो. यातील क्रमांक मी शिकवण्यासाठी मनाने घातले आहेत, ते शोधू नयेत.

"इनामाच्या पत्राची नक्कल, मोडी, एक पान, तारीख 'सन इहिदे सबैन मया व अलफ' (इ.स. १७७०-७१). मूळ कागद: अमुक अभिलेखागार, अमुक दप्तर, रुमाल १२, कागद ४५. चित्र: संच ३, चित्र ८८. अमुक संकेतस्थळावर १० जानेवारी २०२५ रोजी पाहिले. मोडी वाचन: अमुक."

ओळ लांब वाटते, पण एकदा हात बसला की दोन मिनिटांत लिहून होते.

सूची वेगळी, कागद वेगळा

संकेतस्थळावर नाव टाइप केले की यादी येते. ती यादी म्हणजे सूची. कोणीतरी कागद वाचला, त्याला जसे लागले तसे नाव टाइप केले, त्यापासून ती बनलेली आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. अशा लिपीतील नाव वाचताना चांगला जाणकारही अडखळतो. तेव्हा सूचीत नाव दिसले तर चित्र उघडून पाहावे. चित्र पाहिले नसेल तर स्पष्ट लिहावे, "फक्त सूची पाहिली." त्यात कमीपणा नाही.

हेच छापील पुस्तकांचे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून आणले. फार मोठे काम आहे. पण तो निवडलेला आणि वाचून छापलेला मजकूर आहे. तुम्ही खंडात वाचले असेल तर खंडाचा क्रमांक, लेखांक आणि पान द्या. रुमालाचे नाव घेऊ नका, कारण रुमाल तुम्ही पाहिलेला नाही. पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत आता स्कॅन होऊन मिळतात. स्कॅन झाल्याने कुलवृत्तांताचा मूळ कागद होत नाही. तो ज्या साली छापला त्या सालच्या माणसांनी गोळा केलेल्या माहितीचा ग्रंथ आहे, आणि तसाच त्याचा उल्लेख करावा.

कागद कोणाच्या घरातून आला याने किती फरक पडतो, याचे एक मोठे उदाहरण आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा वाद बरीच वर्षे चालला. बखरींवरून १६२७ धरत असत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. ही शकावली स्वराज्याच्या कामात असलेल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी जन्मतिथी आहे. विद्वानांनी ती इतर साधनांशी ताडून पाहिली. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानते. तो कागद कोणाचा, कोठून आला, हे कोणी नोंदवले नसते, तर इतक्या मोठ्या निर्णयासाठी त्यावर भरवसा कोणी ठेवला असता?

कागद काय म्हणतो आणि आपण काय समजतो

वहीचे पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला कागदात जे आहे तेच अक्षरशः उतरवा. उजव्या बाजूला तुम्हाला काय वाटते ते लिहा. कागदात "विठल बाबाजी" असेल तर डावीकडे "विठ्ठल" करू नका. लागले नाही तिथे टिंबे द्या, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह द्या. उजवीकडे लिहा, "हे आमचे खापरपणजोबा असावेत, कारण बापाचे नाव व गाव जुळते." असा निष्कर्ष उद्या चुकीचा ठरला तर उजवी बाजू खोडता येईल. डावी बाजू कायम राहील.

तारखांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे. मराठी कागदांत शक असतो, सुहूर सन असतो, फसली असते, आणि आपल्या शिंदेशाहीत विक्रम संवत असतो. घरात जुनी तांब्याची ग्वाल्हेरी नाणी असतील तर पाहा. संवत १९७० चे नाणे म्हणजे इ.स. १९१३-१४ चे. साधारण हिशेब असा:

शकात ७८ किंवा ७९ मिळवावे.
विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावे.
सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे.
दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे.
उत्तरेकडील फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. फसली हे एकच नाव, पण दक्षिणेतील आणि उत्तरेतील फसलीत दोन वर्षांचा फरक आहे. आपली घराणी दक्षिणेतून उत्तरेत आलेली. एकाच ट्रंकेत पुण्याकडचा फसलीचा कागद आणि इकडचा फसलीचा कागद शेजारी शेजारी असू शकतो. सरसकट एकच आकडा मिळवला तर मुलगा बापाच्या आधी नोकरीला लागलेला दिसेल! म्हणून मूळ साल जसे आहे तसे लिहून मग कंसात इसवी सन द्यावा.

सुहूर सन अंकांऐवजी अरबी शब्दांत लिहीत. वरच्या नमुन्यातील शब्द फोडून पाहू. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०. हे वर्ष मृग नक्षत्रापासून बदलते, जानेवारीपासून नाही, म्हणून १७७०-७१ असे दोन्ही आकडे लिहायचे. तिथीच्या आधी "छ" दिसला तर तो चंद्र शब्दाचा संक्षेप आहे, आणि पुढे रजब, शाबान असा मुसलमानी महिना येतो.

नावांच्या तीन अडचणी

पहिली, आडनाव. पूर्वीच्या कागदांत बहुधा माणसाचे आणि बापाचे नाव असते, आडनाव असेलच असे नाही. कधी फडणीस, चिटणीस, पोतनीस असा हुद्दाच आडनाव होऊन बसतो. नुसते आडनाव जुळले म्हणून कोणाला पूर्वज म्हणू नये. बापाचे नाव, गाव आणि काळ, तिन्ही जुळतात का ते पाहावे.

दुसरी, दत्तक. दत्तक गेलेल्या मुलाचे बापाचे नाव बदलते, पुष्कळदा आडनावही बदलते. वंशावळीत जनक वडील आणि दत्तक वडील दोन्ही दाखवावेत, आणि दत्तकाचा कागद असेल तर त्याचा संदर्भ त्याच ठिकाणी द्यावा.

तिसरी, आणि मला वाटते सर्वांत मोठी, बायकांची नावे. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने माहेरची आणि सासरची नोंद एकाच बाईची आहे हे कळत नाही. कित्येक छापील वंशावळींत तर बायकांची नावेच नाहीत. मुलांनो, आजीला, पणजीला, आत्याला विचारा: माहेरचे नाव काय, माहेर कोणते, लग्न कोणत्या साली. हे सांगणारे माणूस हाच संदर्भ. "आजीने सांगितले, वय ८१, दिनांक अमुक" असे लिहा. तोंडी माहिती हलकी नसते. ती कोणी सांगितली हे न लिहिल्याने हलकी होते.

आणि शोधूनही सापडले नाही तर तेही लिहावे: "अमुक बही, संवत १९१० ते १९३०, सर्व पाने पाहिली, नाव नाही." पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतात.

घरच्या ट्रंका आणि शाळेची रजिस्टरे

आता पालकांना विनंती. आपल्या घरांत लोखंडी ट्रंकेत, देवघराच्या कपाटात मोडी कागद आहेत. ते वाचणारी माणसे घरोघरी कमी होत चालली आहेत. मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवणे चांगलेच, पण पाठवताना चित्र बारीक होते, आणि दोन वर्षांनी ते कोणत्या कागदाचे हे कोणालाच सांगता येत नाही. फोटो काढताना कागदाशेजारी एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर कागद कोणाच्या घरी आहे, कोणत्या पुडक्यातला कितवा, फोटोची तारीख, एवढे असू द्या. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण पाठीमागे कित्येकदा शेरा किंवा तारीख असते. मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवा. कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, पेनने खुणा करू नका. पुडके सोडले तर ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने बांधा.

एक पथ्य सर्वांनी पाळावे. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, मालमत्तेचे कागद प्रकल्पात लावू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय कोणताही कागद बाहेर देऊ नये. काही कागदांत घरातील भांडणे, कर्जे, वाटण्या निघतात. ते वाचून समजावे, वर्गात सांगण्याची गरज नसते.

विश्वस्त मंडळापुढेही एक गोष्ट ठेवतो. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी जाणणाऱ्यांना बोलावले गेले, सापडलेल्या नोंदींची चित्रे जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. त्या शोधात जन्ममृत्यूच्या नोंदींबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही तपासली गेली. त्या प्रश्नाच्या बाजू-विरोधात येथे जायचे नाही. पण एवढे तर दिसलेच, की कोणा मास्तरांनी शाळेच्या रजिस्टरात लिहिलेली एक ओळ कित्येक वर्षांनी एखाद्या कुटुंबाला अत्यंत मोलाची ठरते, आणि ती मोलाची ठरते ती गाव, वर्ष, रजिस्टर आणि पान यांच्यासकट.

आपल्या शाळेची जुनी दाखिल-खारिज रजिस्टरे कार्यालयात आहेत. त्यांचे पानोपान फोटो व्हावेत, प्रत्येक चित्रावर रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक आणि वर्ष असावे, आणि एक यादी तयार व्हावी, असा माझा प्रस्ताव आहे. खर्च मोठा नाही. नववीची मुले आणि दोन शिक्षक, सुट्टीच्या दिवसांत, हे करू शकतात. रजिस्टरे मात्र कपाटातच राहतील आणि पाहणाऱ्याला नियमाप्रमाणेच दाखवली जातील.

स्वाध्याय

१. घरातील एक जुना कागद (पत्र, लग्नपत्रिका, नाणे किंवा रेशनकार्डसुद्धा चालेल) घ्या आणि त्याचा पत्ता वर सांगितलेल्या रीतीने एका ओळीत लिहा. लिहिलेली ओळ वर्गमित्राला द्या. तुम्हाला न विचारता तो कागद ओळखू शकला का?

२. संवत १९५६, शके १७३२ आणि सुहूर सन ११७१ यांचे इसवी सन काढा. प्रत्येकाची दोन वर्षे लिहा.

३. आई, आजी आणि पणजी यांची माहेरची नावे व गावे लिहा. प्रत्येक नावापुढे कोणी सांगितले ते लिहा.

४. "आमचे पूर्वज ग्वाल्हेरला केव्हा आले?" या प्रश्नाचे घरात मिळालेले उत्तर लिहा. त्यातील कोणता भाग कागदावरून कळतो आणि कोणता ऐकीव आहे, ते दोन रकान्यांत मांडा.

वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. चौथ्या प्रश्नात दुसरा रकाना मोठा आणि पहिला रिकामा राहिला तर गुण कापले जाणार नाहीत.